सातपुड्यातील पावसाळी वनरस्ते (खानदेश)

सातपुड्यातील पावसाळी वनरस्ते म्हणजे खानदेशात तापी नदीच्या उत्तरेस पसरलेल्या सातपुडा पर्वतरांगेतील कच्चे व अर्धपक्के डोंगरी रस्ते होत. जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल व चोपडा, धुळे जिल्ह्यातील शिरपूर, तसेच नंदुरबार जिल्ह्यातील शहादा, तळोदा, अक्राणी (धडगाव) व अक्कलकुवा या तालुक्यांत हे रस्ते आढळतात. नंदुरबार हा १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग होता. जून ते सप्टेंबर या काळात पावसाच्या पाण्याने या रस्त्यांची मोठी हानी होते आणि अनेक पाड्यांचा तालुक्याच्या गावाशी असलेला संपर्क तात्पुरता तुटतो. अशा काळात चारही चाकांना शक्ती पुरवणारी वाहने, म्हणजे जीप व तत्सम गाड्या, आणि ट्रॅक्टर यांचाच काय तो आधार उरतो. तथापि या वाहनांच्या क्षमतेलाही निश्चित मर्यादा आहेत.

भौगोलिक पार्श्वभूमी

सातपुडा रांग नर्मदा व तापी या नद्यांची खोरी एकमेकींपासून विभागते. खानदेशातील सातपुडा मुख्यतः बेसॉल्ट या ज्वालामुखीजन्य खडकाचा बनलेला आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचले असून काही थरांच्या मधोमध विटेच्या रंगाचा लाल मातकट पट्टा आढळतो. कठीण खडकाच्या तुलनेत हा पट्टा मऊ असतो. त्यातून पाणी झिरपू लागले की वरचा खडक आधार गमावतो व धोंडे सुटून खाली येतात. घाटरस्त्यांवर दरडी कोसळण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण असते.

येथील अरण्य हे वर्षावन नसून शुष्क पानझडी प्रकारचे आहे. साग, सालई, धावडा, अंजन व तेंदू हे त्यातील प्रमुख वृक्ष होत. वर्षावनात वर्षभर टिकणारे पर्णाच्छादन पावसाचा मारा काही अंशी झेलते. पानझडी वनात मात्र उन्हाळ्याच्या अखेरीस झाडे बव्हंशी निष्पर्ण असतात, गवत वाळलेले असते आणि काही ठिकाणी वणव्यांमुळे जमीन उघडी पडलेली असते. मृगाच्या पहिल्या जोरदार सरी अशा उघड्या जमिनीवर कोसळतात. त्यामुळे एकूण पर्जन्यमान कोकण वा सह्याद्रीच्या तुलनेत पुष्कळ कमी असूनही मातीची धूप मोठ्या प्रमाणात होते.

यावल, रावेर व चोपडा तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी ‘बझाडा’ नावाने ओळखला जाणारा पट्टा आहे. डोंगरातून येणाऱ्या नद्या-नाल्यांनी वाहून आणलेले धोंडे, गोटे, वाळू व माती यांचा तो बनलेला आहे. या पट्ट्यातील नाले रुंद असून एरवी कोरडे दिसतात. डोंगरात पाऊस झाला की त्यांना अचानक लोंढा येतो आणि पाणी सच्छिद्र थरात मुरल्याने तो लवकर ओसरतोही. पायथ्याशी आकाश निरभ्र असताना नाल्याला पूर येण्याचा प्रकार येथे नवा नाही. नाल्याच्या पात्रात वाहन उभे करणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

रस्त्यांची घडण

या रस्त्यांचा उगम पायवाटा व बैलगाडीच्या वाटांमध्ये आहे. ब्रिटिश काळात इमारती लाकूड बाहेर काढण्यासाठी व वनरक्षकांच्या गस्तीसाठी काही वाटा रुंद करण्यात आल्या. १९७२च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेच्या कामांतून ग्रामीण रस्त्यांची भर पडली. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाट प्रदेशातील ५०० लोकवस्तीच्या, तर डोंगरी व आदिवासी भागातील २५० लोकवस्तीच्या गावांना बारमाही रस्त्याने जोडण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. सातपुड्यातील वस्ती मात्र विखुरलेल्या पाड्यांची आहे. एकाच महसुली गावाचे पाडे निरनिराळ्या टेकड्यांवर वसलेले असतात. त्यामुळे मुख्य गावापर्यंत डांबरी रस्ता पोहोचला तरी पाड्यापर्यंतचा शेवटचा टप्पा पुष्कळदा कच्चाच राहतो.

डोंगरउतारावरील रस्ता सामान्यतः वरची बाजू कापून व निघालेली माती खालच्या बाजूस टाकून तयार होतो. रस्त्याची अर्धी रुंदी मूळ कठीण जमिनीवर, तर उरलेली अर्धी भरावावर असते. पावसाळ्यात प्रथम खचतो तो हा भराव. दरीकडील कडा वरून शाबूत दिसली तरी तिच्याखालची माती वाहून गेलेली असू शकते.

पावसामुळे होणारी हानी

रस्ता वाहून गेला, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा रस्ताच ओहोळ बनलेला असतो. चाकांनी पडलेल्या चाकोऱ्यांतून पाणी वाहू लागते, चाकोऱ्या खोल होतात आणि त्यांत आणखी पाणी शिरते. हानीचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे :

चाकोऱ्यांची धूप : चढावर चाकोऱ्या गुडघाभर खोल होतात आणि मधला उंचवटा गाडीच्या तळाला टेकतो. चाके अधांतरी राहिल्यास चारही चाकांची शक्ती निरुपयोगी ठरते.

मोऱ्या तुंबणे : रस्त्याखालून पाणी नेणारी मोरी पालापाचोळा व गोट्यांनी बुजते. मग पाणी रस्त्यावरून वाहते व खालच्या बाजूचा भराव कापून नेते.

फरशी पुलांची हानी : नाल्याच्या तळाशी बांधलेल्या ठेंगण्या पुलास फरशी पूल म्हणतात. पुराचे पाणी त्यावरून जाते. ओसरल्यावर पुलावर गाळ व धोंडे उरतात आणि दोन्ही टोकांची माती खचून मोठी पायरी तयार होते.

दरड कोसळणे : शहादा–तोरणमाळ रस्त्यावरील सातपायरी घाट व तळोदा–धडगाव मार्गावरील चांदसैली घाट ही याची परिचित उदाहरणे होत. खानदेशच्या दक्षिण सीमेवर, सातमाळा-अजिंठा रांगेतील चाळीसगाव–कन्नड (औट्रम) घाटातही ऑगस्ट २०२१च्या अखेरीस झालेल्या अतिवृष्टीत दरडी कोसळून राष्ट्रीय महामार्ग बंद पडला होता. पक्क्या महामार्गाची जिथे ही स्थिती होते, तिथे मुरमाच्या रस्त्यांची अवस्था सहज लक्षात येते.

मातीचा चिखल : सपाट भागातील काळी माती पाणी शोषून फुगते व टायरच्या खाचांत घट्ट बसते. खाचा बुजल्यावर टायर गुळगुळीत होऊन घसरू लागतो. मुरमाचा रस्ता या मानाने पकड देतो. परंतु सततच्या पावसात तोही मऊ पडतो.

वाहन व वाहनचालन

स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्र कंपनीने मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली आणि वनखाते, महसूल खाते व पोलीस यांच्या दौऱ्यांसाठी जीप हे नेहमीचे वाहन बनले. पुढे प्रवासी वाहतूक करणाऱ्या जीपगाड्या डोंगरी भागात रूढ झाल्या. यांतील सर्वच गाड्या चारही चाकांना शक्ती देणाऱ्या नसतात. पुष्कळ गाड्यांची केवळ मागील चाके शक्तीवर चालतात. वाहनाची उंची, टायरची स्थिती व चालकाची त्या रस्त्याशी असलेली ओळख यांवर त्यांचा प्रवास अवलंबून असतो.

खराब टप्प्यावर सर्वप्रथम खाली उतरून तो चालत पाहणे आवश्यक असते. वाट कोठे खचली आहे, वळण्यास जागा आहे काय आणि परत फिरणे शक्य आहे काय, या तीन गोष्टी पुढे जाण्यापूर्वी ठरवाव्या लागतात. खोल चाकोऱ्या असल्यास चाके चाकोरीत न टाकता एक चाक मधल्या उंचवट्यावर व दुसरे बाहेरच्या काठावर ठेवतात. मात्र तो काठ दरीच्या बाजूचा असल्यास हा उपाय वर्ज्य ठरतो. चढावर कमी वेगाचा गिअर आधीच टाकून एकसारख्या गतीने जावे लागते. उतरताना ब्रेक दाबून ठेवल्यास चाके अडकून गाडी घसरते, म्हणून इंजिनाच्या अवरोधावर भिस्त ठेवतात. अरुंद चढावर समोरासमोर आलेल्या वाहनांपैकी चढणाऱ्या वाहनाला प्रथम वाट द्यावी, असे वाहनचालनविषयक नियम सांगतात; कारण चढावर थांबलेले वाहन पुन्हा सुरू करणे अधिक अवघड असते.

वाहते पाणी हा सर्वांत मोठा धोका होय. सुमारे ३० सेंटिमीटर खोलीचे वेगवान पाणी लहान मोटारीला ढकलू शकते, तर सुमारे ६० सेंटिमीटर पाणी जीपसारखे वाहनही वाहून नेऊ शकते. गाडी जितकी पाण्यात बुडते तितका तिचा भार हलका होतो व चाकांची जमिनीवरील पकड सुटते. गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की खचली आहे, हे वरून कळत नाही. हवा ओढणाऱ्या नळीतून पाणी इंजिनात शिरल्यास इंजिन जागीच अडकते व त्याचे आतील भाग वाकतात. असे इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास हानी वाढते. सातपुड्यातील बहुतेक नाल्यांचा पूर काही तासांत उतरतो. पाणी उतरेपर्यंत उंच जागी थांबणे हाच म्हणून मान्य उपाय आहे.

रहिवाशांवरील परिणाम

या भागात पावरा, भिल्ल व तडवी भिल्ल समाजांची वस्ती आहे. रेशनचे धान्य, शाळा, बाजार व दवाखाना या सर्व गोष्टी रस्त्यावर अवलंबून असतात. यावल अभयारण्याच्या परिसरातील जामन्या, गाडऱ्या व लंगडा आंबा यांसारख्या दुर्गम वस्त्यांच्या वाटा पावसाळ्यात विशेष बिकट होतात. रुग्णवाहिका जिथवर येऊ शकते तिथपर्यंत रुग्णाला बांबूला बांधलेल्या झोळीतून खांद्यावर नेण्याचा प्रसंग डोंगरी पाड्यांवर वारंवार येतो. गर्भवती स्त्रियांच्या बाबतीत हा विलंब जिवावर बेततो. सप्टेंबर २०२१मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून वाहतूक बंद झाली असता एका आजारी महिलेला तिच्या पतीने खांद्यावर घेऊन पायी नेले. तिचा मृत्यू झाला. या घटनेने घाटरस्त्यांच्या दुरुस्तीचा प्रश्न राज्यभर चर्चेत आला.

नर्मदेच्या काठी परिस्थिती आणखी वेगळी आहे. सरदार सरोवर प्रकल्पाच्या जलाशयात अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. मणिबेलीसारख्या काठावरील गावांच्या जुन्या वाटा पाण्याखाली गेल्याने तेथे बोट हेच वाहतुकीचे साधन बनले आणि आरोग्यसेवेसाठी तरंगता दवाखाना सुरू करावा लागला.

पावसाळी पर्यटनाचाही रस्त्यांवर परिणाम होतो. ओल्या मुरमावरून जड गाड्या गेल्या की चाकोऱ्या खोल होतात व पुढच्या सरीला पाण्यासाठी वाट तयार असते. पर्यटक परत जातो. त्याच वाटेने पाड्यावर येणाऱ्या रुग्णवाहिकेला मात्र ती चाकोरी अडवते.

देखभाल व कायदेशीर तरतुदी

कच्च्या रस्त्याचे आयुष्य मुख्यतः पाण्याच्या निचऱ्यावर ठरते. पावसाळ्यापूर्वी मोऱ्या व बाजूचे चर साफ करणे, चढावर ठराविक अंतराने तिरपे चर काढून पाणी रस्त्याबाहेर वळवणे, आणि भरावाच्या पायथ्याशी दगडांची रचाई करणे हे उपाय अल्प खर्चाचे असतात. पाड्यांवरील ग्रामस्थ श्रमदानातून असे काम करतात. पावसाळ्यानंतर केवळ खड्डे बुजवल्यास आणि निचऱ्याकडे दुर्लक्ष झाल्यास पुढील वर्षी तीच हानी पुन्हा होते.

वनजमिनीवरील रस्त्याच्या कामास १९८०च्या वनसंवर्धन कायद्यान्वये पूर्वमंजुरी लागते. मात्र २००६च्या वनहक्क कायद्यातील कलम ३(२) नुसार रस्ता, शाळा, दवाखाना यांसह १३ प्रकारच्या सार्वजनिक सुविधांसाठी, प्रत्येक कामात १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागत असल्यास व हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडावी लागत नसल्यास, ग्रामसभेच्या शिफारशीने जमीन देता येते. पाड्यांच्या रस्त्यांसाठी ही तरतूद महत्त्वाची आहे.

१९६९मध्ये घोषित झालेले यावल अभयारण्य आणि शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य यांना १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. रहिवासी व कर्तव्यावरील कर्मचारी यांसारखे अपवाद वगळता इतरांना अभयारण्यात प्रवेश करण्यासाठी परवाना घ्यावा लागतो. ठरवून दिलेल्या रस्त्यांव्यतिरिक्त वाहन नेणे तेथे मान्य नाही. वाट खचलेली असल्यास कडेच्या जंगलातून नवी वाट पाडल्याने झाडोरा तुडवला जातो आणि पुढील पावसात पाण्याला आणखी एक मार्ग मिळतो.