४० हजारांचा डेव्हलपर की ४ लाखांचा? ॲप बनवायला देण्याआधी हे वाचा



सॉफ्टवेअरवर व्हिडिओ केला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, एक जण ४० हजारांत ॲप करून देतो म्हणतोय, दुसरी कंपनी ४ लाख सांगतेय. शेवटी काम तेच ना? मग कुणाला देऊ?"

काम तेच नसतं, इथूनच सुरुवात करू. पण महाग म्हणजे चांगलं, असंही नसतं.

आधी व्हॉट्सॲपकडे बघा. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने ही कंपनी १९०० कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. तेव्हा व्हॉट्सॲप वापरणारे होते सुमारे ४५ कोटी लोक आणि इंजिनिअर होते फक्त ३२. म्हणजे एका इंजिनिअरमागे जवळजवळ १ कोटी ४० लाख माणसं! या लोकांनी सर्व्हरसाठी एर्लांग नावाची भाषा वापरली. ती एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्सचेंजसाठी तयार झालेली, त्यामुळे लाखो जोडण्या एकाच वेळी सांभाळणं हेच तिचं काम. आणि जाहिराती नाहीत, गेम नाहीत, दिखाऊपणा नाही, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. काय बनवायचं नाही हे कळणं, हीसुद्धा हुशारीच.

गंमत म्हणजे या कंपनीचा एक संस्थापक ब्रायन ॲक्टन याला २००९ मध्ये फेसबुकनेच नोकरी नाकारली होती. इतक्या मोठ्या कंपनीला माणूस ओळखता आला नाही, तर अर्ध्या तासाच्या मीटिंगमध्ये आपल्याला कसा ओळखता येणार?

चांगला प्रोग्रामर साध्या प्रोग्रामरच्या दहापट काम करतो, असं नेहमी ऐकू येतं. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात अनुभवी प्रोग्रामरमध्येसुद्धा काही कामांत २० पटींहून जास्त फरक दिसला होता. पण माणसं होती मोजून १२, आणि सगळ्यांची भाषा नि साधनंही सारखी नव्हती. त्यामुळे आकडा डोक्यात घेऊन बसू नका. फरक मोठा असतो, एवढं धरा.

आता उलटी बाजू. १ ऑक्टोबर २०१३ ला अमेरिकन सरकारने आरोग्य विम्यासाठी हेल्थकेअर डॉट गव्ह ही वेबसाइट सुरू केली. ५० हून जास्त कंत्राटदार, पैशाला तोटा नाही. आणि पहिल्या दिवशी विमा घेऊ शकले किती जण? सहा! मग बाहेरून एक छोटी टीम बोलावली. तिला काय दिसलं? साइट नीट चालतेय की नाही, हे एका जागी बघायची सोयच नव्हती. आणि सगळ्याची जबाबदारी घेणारा एक माणूस नव्हता. टीमने ती सोय केली आणि रोज सकाळ-संध्याकाळ बैठक लावली. नियम असा की ज्याला त्या अडचणीतलं जास्त कळतं तो बोलणार, ज्याची खुर्ची मोठी तो नाही. डिसेंबर उजाडेपर्यंत साइट बऱ्यापैकी चालू लागली. यातलं बरंचसं काम आधीच्याच कंत्राटदारांच्या माणसांनी केलं, बरं का. म्हणजे माणसं अगदीच कच्ची नव्हती.

"मग दोन माणसं वाढवा, लवकर होईल," हेही चालत नाही. आयबीएमच्या एका प्रचंड सॉफ्टवेअरचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या कामात माणसं वाढवली, तर आणखी उशीर होतो. हिशोब सोपा आहे. ५ जणांत बोलणाऱ्या जोड्या होतात १०, आणि १० जणांत ४५.

आता हे सगळं आपल्या धंद्यात आणू. समजा तुमची मेस आहे, १५० डबे जातात. तुम्ही डेव्हलपरला सांगितलंत, "डब्यांचं ॲप पाहिजे." साधा डेव्हलपर म्हणेल, "हो, होईल. लोगो पाठवा, रंग कोणता ठेवू?" चांगला डेव्हलपर विचारेल, "खाडा कसा धरता?" आणि मग थांबणारच नाही. खाडा किती वाजेपर्यंत कळवायचा? एका वेळचा डबा नको असेल तर अर्धा खाडा धरायचा का? खाड्याचे पैसे परत देता की महिना पुढे ढकलता? रविवारी एकच वेळ असेल तर? गिऱ्हाईक गावाला गेलं, पण डबा त्याच्या रूममेटने खाल्ला तर?

तुम्हाला वाटेल, हा किती डोकं खातोय! पण मित्रांनो, महिनाअखेरीची सगळी भांडणं याच प्रश्नांवरून होतात. हे न विचारता बनवलेलं ॲप दिसायला छान असतं, आणि दुसऱ्या महिन्यात तुम्ही परत वहीवर येता.

आणि या प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडेच नसतील, तर ४ लाखांचा डेव्हलपरही काही करू शकत नाही. त्यामुळे आधी मागच्या तीन महिन्यांच्या वह्या काढा. जिथे खाडाखोड आहे, कोपऱ्यात काहीतरी लिहिलंय, त्या नोंदी वेगळ्या उतरवून घ्या. ते कागद म्हणजेच तुमचं खरं सॉफ्टवेअर.

डबे ३०-४०च असतील तर माझं स्पष्ट मत, ॲप करूच नका. गूगल शीट आणि व्हॉट्सॲप ग्रुप पुरे.

करायचंच असेल तर सगळं काम एकदम देऊ नका. फक्त खाड्याचा हिशोब करायला सांगा, आठ दिवस द्या आणि त्याचे पैसे द्या, फुकट करून मागू नका. मग तुमच्या मागच्या महिन्याच्या नोंदी त्यात भरून बघा. बिलं जुळली तर पुढे बोला. त्याच्या जुन्या ग्राहकालाही फोन लावा. "ॲप कसं आहे?" असं विचारू नका. "काम संपून वर्ष झालं, आता बिघडलं तर हा फोन उचलतो का?" असं विचारा.

आणि पहिला हप्ता देण्याआधी लेखी घ्या की डोमेन, सर्व्हरचं खातं, प्ले स्टोअरचं खातं आणि सगळा कोड तुमच्या नावावर राहील. प्ले स्टोअरच्या खात्याची फी एकदाच भरायची असते, २५ डॉलर. ती स्वतःच्या कार्डवरून, स्वतःच्या ईमेलवर भरा.