ट्रंकेतली चित्रं भिंतीवर आली!

मैत्रिणींनो, खरं सांगा, आपल्यापैकी किती जणींच्या माळ्यावर एक ट्रंक आहे? वर जुन्या रजया, खाली लग्नातली भांडी आणि अगदी तळाशी आपलं काहीतरी. कुणाचे घुंगरू, कुणाच्या गाण्याच्या वह्या. लग्न झालं, मुलं झाली आणि ते तसंच राहून गेलं.

आमच्या चामटोलीच्या इमारतीत दोन जिने वर राहणाऱ्या वहिनींच्या ट्रंकेत लिनो कोरायची हत्यारं निघाली. वहिनी मुंबईत चित्रकला शिकलेल्या. पण गेली वीस वर्षं त्यांची कला रांगोळी आणि मुलांच्या शाळेचे तक्ते यांतच होती. धाकटा शिकायला बाहेर गेला, दुपारी हात मोकळे झाले आणि त्यांनी पुन्हा कोरायला घेतलं. छापायचं यंत्र कुठून आणणार? शाई लावलेल्या ठोकळ्यावर कागद ठेवायचा आणि स्टीलच्या डावाच्या पाठीने घासायचं! अशी पंधरा नवी छापचित्रं तयार झाली: पावसातली उल्हास नदी, फलाटावरच्या भाजीवाल्या, अंबरनाथच्या शिवमंदिराचा कोपरा.

मग जुन्या मैत्रिणींचा निरोप आला. सहा जणींनी मिळून मुंबईत गॅलरी घ्यायची, भाडं वाटून. वहिनींच्या वाट्याला सहा हजार. भावजींनी विचारलं, "यातून मिळणार काय?" सासूबाई म्हणाल्या, "आधी स्वयंपाकघराला रंग द्या." वहिनी माझ्याकडे आल्या. "तुम्ही लेख लिहिता ना? मग सांगा, हा खर्च की चैन?"

उत्तर द्यायला मलाच आधी बरंच वाचावं, विचारावं लागलं. तेच तुमच्यापुढे ठेवते.

छापील म्हणजे खोटं?

सासूबाईंची पहिली शंका हीच होती. "एकाच चित्राच्या तीस प्रती? मग ते कॅलेंडरच की!"

आपल्या आज्यांच्या देवघरात राजा रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती होत्या, आठवतं? बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी रविवर्म्याकडून चौदा पौराणिक चित्रं करवून घेतली. ती पाहायला लोकांनी गर्दी केली. पण राजवाड्यातलं चित्र सामान्यांच्या घरी कसं येणार? म्हणून १८९४ साली मुंबईत छापखाना निघाला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. म्हणजे बदलापूरवरून कर्जतकडे जाणाऱ्या आपल्याच रुळांवर, घाट चढून गेलं की! दगडावर एकेका रंगाचा वेगळा ठसा करून ही चित्रं छापत. कितीतरी घरच्या बायकांनी त्यांतल्या देवींना जर आणि टिकल्या लावून साड्या नेसवल्या. चित्र हजारो घरांत एकच, पण आपल्या घरचं मात्र आपलं!

त्या चित्रात आणि वहिनींच्या चित्रात मात्र फरक आहे. रविवर्म्याने रंगवलेल्या चित्रावरून कारागिरांनी ठसे केले. वहिनींच्या बाबतीत वेगळं मूळ चित्र नाहीच. ठोकळा त्यांनी कोरला, शाई त्यांनी लावली, प्रत त्यांनी काढली. म्हणून प्रत्येक प्रत अस्सलच.

विकत घेताना एवढं पाहा. चित्राखाली डाव्या बाजूला पेन्सिलीने ७/३० असं लिहिलेलं असतं, म्हणजे तीस प्रतींतली सातवी. उजवीकडे चित्रकाराची सही. तीस प्रती झाल्या, की ठोकळ्यावर रेघ मारून तो बाद करण्याची रीत आहे. भिंग लावून पाहिल्यावर बारीक रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती यंत्रावर छापलेली नक्कल समजावी. नक्कल लावण्यात काही वाईट नाही हो, पण अस्सलचे पैसे तिला देऊ नयेत.

सांगून करवून घेतलेलं चित्र

तेवढ्यात वहिनींना एक काम चालून आलं. ओळखीच्या एका बाईंना वास्तुशांतीसाठी आईचं चित्र हवं होतं. वहिनी लगेच म्हणाल्या, "पैशांचं काय ते नंतर बघू." मी त्यांना तिथेच थांबवलं! शिवणकाम असो, डबे असोत की चित्र, आपण बायका इथेच फसतो.

चित्र केवढं, कोणत्या माध्यमात, कधी द्यायचं, चौकट कुणी करायची, बदल किती वेळा करून मिळतील, हे कागदावर लिहावं आणि सुरुवातीला काही रक्कम आगाऊ घ्यावी. आणखी एक गोष्ट पुष्कळ जणींना ठाऊक नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, कुणी मोबदला देऊन चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट काम सांगणाऱ्याकडे जातो. म्हणजे त्या चित्राच्या प्रती छापायच्या झाल्या तर वहिनींनाच परवानगी मागावी लागेल! हक्क स्वतःकडे हवा असेल, तर तसं आधीच लिहून घ्यावं. आपल्या मनाने काढलेलं चित्र विकलं, तर मात्र घेणाऱ्याला चित्र मिळतं. लेखी दिल्याशिवाय प्रती काढण्याचा हक्क मिळत नाही.

सहा जणी, एक दालन

मिळून प्रदर्शन करणं काही कमीपणाचं नाही. हुसेन, रझा, सूझा, आरा, गाडे आणि बाकरे या तरुणांनी १९४७ साली मुंबईत आपला गट केला, तेव्हा त्यांच्याजवळ तरी काय होतं? काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे. आत जायला तिकीट नाही. मुंबईत खरेदीला गेलात, तर साड्यांच्या दुकानातला अर्धा तास वाचवून एकदा डोकावून या.

आणि बायकांचं म्हणाल, तर सुप्रसिद्ध चित्रकार धुरंधर यांच्या कन्या अंबिकाबाई १९३१ सालीच जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेऊन बाहेर पडल्या होत्या. गोव्यात १९३४ साली जन्मलेल्या प्रफुल्ला डहाणूकर यांचा कुंचला लग्नानंतरही थांबला नाही. स्वतःची चित्रं तर त्यांनी काढलीच, शिवाय मोठमोठी भित्तिचित्रंही करून दिली आणि कलासंस्थांचा कारभार पाहिला. २०१४ साली त्या गेल्या, तोवर त्यांनी कितीतरी नव्या चित्रकारांना हात दिला होता.

तुमच्यापैकी कुणी प्रदर्शनात भाग घेणार असेल, तर तीन प्रश्न आधी विचारा. भाड्याशिवाय निमंत्रणपत्रिका, दिवे, चहापाणी यांचा खर्च कुणाचा? विक्रीतून गॅलरी किती टक्के कापणार? आणि चित्राला इजा झाली तर जबाबदारी कुणाची?

पावसाळ्यात जपा

आमच्या भागातला पाऊस तुम्हाला माहीत आहेच; कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते. कागदावरचं चित्र ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका. काच चित्राला चिकटू देऊ नका, मध्ये जाड पुठ्ठ्याची कड हवी. हा पुठ्ठा आम्लरहित मागावा, साध्याने कागद पिवळा पडतो. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे हवा खेळेल. ऊन थेट पडू देऊ नका आणि काच पुसताना पाणी फडक्यावर घ्या, काचेवर शिंपडू नका.

मग काय झालं?

वहिनींनी भिशीचे पैसे भरले. चौकटी चादरीत गुंडाळून भावजींनीच लोकलच्या मालडब्यातून नेल्या, "सांभाळून हो, काच आहे" असं वाटेत सगळ्यांना सांगत. आठवडाभरात दोन चित्रं विकली गेली. चौकटींचा खर्च धरला, तर हिशेब तोट्यातच राहिला. हे मी लपवत नाही, कारण पहिल्याच प्रदर्शनात पैसा मिळतो असं सांगून मला कुणाला फसवायचं नाही.

पण आईच्या चित्राचं काम पुरं झालं, ठरलेली रक्कम ठरल्या दिवशी मिळाली आणि त्या ओळखीवर आणखी एक काम आलं. गॅलरीतल्या त्या भाजीवाल्यांपुढे सासूबाई बराच वेळ उभ्या होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "त्या डाव्या कोपऱ्यातल्या बाईने माझ्यासारखा पदर खोचलाय." ते चित्र आता त्यांच्या खोलीत आहे. १/३०.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर मला एवढंच सुचतं. शिकलेलं हातून जाऊ नये म्हणून, घर सांभाळून, झेपेल तेवढाच पैसा लावला, तर त्याला चैन म्हणू नये. स्वयंपाकघराचा रंग अजून राहिलाय खरा. दिवाळीआधी तोही होईल! आणि तुमच्या ट्रंकेच्या तळाशी काय आहे, ते या रविवारी एकदा काढून बघाच.