नळी नवी, नंबर जुना

रायफलीत सगळ्यात आधी नळी म्हातारी होते. बोल्ट, बॉडी, चाप, दस्ता यांना वेळच्या वेळी तेलपाणी मिळाले तर ते तीन पिढ्या टिकतात. नळी मात्र गोळीगणिक झिजते, आणि झिजलेली नळी पुन्हा भरून निघत नाही; ती बदलावीच लागते. वरवर पाहता काम सोपे. नळी बॉडीत आट्यांवर बसलेली असते. जुनी फिरवून काढायची, नवी फिरवून घट्ट करायची, पाण्याच्या नळाची तोटी बदलतो तशी. लेथवर हात बसलेला टर्नर हेच म्हणेल. त्याचे म्हणणे चूक नाही, फक्त शेवटच्या पाव मिलिमीटरपाशी ते अपुरे पडते.

उदाहरणाला ली-एनफिल्ड घेऊ, म्हणजे आपली थ्री-नॉट-थ्री. एनसीसीच्या परेडला जिच्या चार किलोंनी खांदा धरला, पोलीस ठाण्याच्या दारातल्या पहारेकऱ्याकडे जी वर्षानुवर्षे दिसली, तीच ही. नोव्हेंबर २००८ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ समोर रेल्वे पोलिसांच्या हातातही हीच होती, त्यामुळे तिचे नाव निघाले की लोक हळहळतात किंवा चिडतात. दोन्ही रास्त आहे. पण नळी बदलण्याचा विषय समजून घ्यायला तिच्याइतकी सोयीची दुसरी रायफल नाही, कारण तिचा जन्मच नळी बदलण्यातून झाला.

ब्रिटिश लष्कराने १८८८ साली घेतली ती ली-मेटफर्ड. बोल्ट आणि मॅगझिनची रचना जेम्स पॅरिस लीची, नळीतला पीळ विल्यम मेटफर्डचा. हा मेटफर्ड मूळचा इंजिनियर. ईस्ट इंडियन रेल्वेच्या कामासाठी १८५७ साली, नेमक्या धामधुमीत, तो मुंगेरला येऊन पोहोचला होता. त्याच्या नळीतला पीळ उथळ, सात खाचांचा आणि गोलसर कडांचा होता. काळ्या दारूची काजळी कोपऱ्यांत साचू नये हा त्यामागचा हिशेब, आणि तो काळ्या दारूपुरता अचूक होता. पण थोड्याच वर्षांत काळी दारू गेली आणि कॉर्डाइट आले. सुरुवातीच्या कॉर्डाइटमध्ये तब्बल ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन असे. त्याच्या आचेपुढे त्या उथळ खाचा टिकेनात. मग १८९५ साली एनफिल्डच्या सरकारी कारखान्याने खोल, चौकोनी कडांच्या पाच खाचांची नळी दिली. मागची यंत्रणा लीचीच राहिली. नळी बदलली म्हणून अर्धे नाव बदलले, इतकेच. पुढे १९०१ च्या सुमारास कॉर्डाइटमधले नायट्रोग्लिसरीनही ३० टक्क्यांवर आणले गेले, ते मुख्यतः नळीचीच दया येऊन.

झीज सगळीकडे सारखी होत नाही. जिथे काडतुसाचे घर, म्हणजे चेंबर, संपते आणि पीळ सुरू होतो त्या घशापाशी तापलेला वायू सगळ्यात जोरात येऊन धडकतो. तिथले पोलाद आधी काळवंडते, मग त्याला भेगांचे जाळे पडते आणि खाचांच्या कडा विरघळल्यासारख्या होतात. दुसरा शत्रू गंज. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळाले की नळीत मीठच राहते, आणि मीठ हवेतले पाणी ओढते. आपल्याकडच्या पावसाळ्यात अशी नळी दोन दिवस न धुता ठेवली तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. म्हणून गोळीबारानंतर नळीत नरसाळ्याने उकळते पाणी ओतण्याची शिस्त होती. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते.

तिसरा शत्रू मात्र चमत्कारिक आहे: साफसफाई. दोरीच्या एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाच्या फासात फ्लॅनेलची चिंधी, असा 'पुल-थ्रू' शिपायाच्या दस्त्यातच ठेवलेला असे. वजन नळीत सोडायचे आणि दोरी ओढून घ्यायची. दोरी सरळ ओढली तर ठीक. पण घाईत ती तिरपी ओढली जाई, तिच्यावर धूळवाळू बसलेली असे, आणि ती नळीच्या तोंडाची कड एकाच बाजूने कानशीसारखी घासत राही. गोळी नळी सोडते त्या क्षणी तिच्यामागचा वायू चहूबाजूंनी सारखा सुटला नाही तर गोळी तिथेच डगमगते. थ्री-नॉट-थ्रीची गोळी सेकंदाला ७४४ मीटर वेगाने निघते आणि नळीतला पीळ दर दहा इंचांत एक फेरा देतो. म्हणजे बाहेर पडताना तिची गिरकी मिनिटाला पावणेदोन लाख फेऱ्यांच्या घरात असते. इतक्या वेगाने फिरणाऱ्या गोळीला तोंडाशी मिळालेला जरासा धक्का शंभर मीटरवर चांगलाच जाणवतो. कित्येक नळ्या गोळीबारापेक्षा अशा चोख स्वच्छतेनेच मेल्या असतील.

आता प्रत्यक्ष काम. जुनी नळी पन्नास-साठ वर्षांत हललेली नसते. आट्यांत गंज आणि वाळलेले तेल घट्ट बसलेले असते. नळी लाकडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यांत, राळेची भुकटी टाकून, व्हाइसमध्ये आवळतात. पान्हा लावायचा तो बॉडीच्या पुढच्या जाड कड्यालाच. मागे लावला तर आटे सुटण्याआधी बॉडीलाच पीळ पडतो, आणि पीळ पडलेली बॉडी भंगारात जाते. नळी हट्टालाच पेटली तर लेथवर चढवून बॉडीच्या तोंडालगत तिला एक बारीक खाच पाडतात; बॉडीला टेकलेल्या नळीच्या खांद्यावरचा दाब सुटतो आणि तोवर ढिम्म न हललेली नळी मुकाट्याने फिरते. ती टाकायचीच असल्याने खाचेचे दुःख नसते.

नवी नळी लेथवर लावताना तिचा बाहेरचा गोल पाहून चालत नाही. खोल भोक पाडताना ड्रिल थोडेफार भरकटतेच, त्यामुळे आतली पोकळी आणि बाहेरचा गोल यांचे केंद्र अगदी एक नसते. डायलची सुई पोकळीत घालून, ती थरथरायची थांबेपर्यंत चक सारखा करत बसावे लागते. आटे, खांदा, चेंबर सगळे त्या पोकळीच्या केंद्रावर कापायचे. हे जमले की बाकीचे बरेचसे यंत्रकाम सरळ आहे.

मग येतो तो पाव मिलिमीटर. बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाला पुढेमागे हलायला किती जागा राहते त्या मापाला हेडस्पेस म्हणतात. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. ती कड नळीच्या मागच्या तोंडावर टेकते आणि मागून बोल्ट तिला धरतो. या दोहोंमधली जागा किमान ६४ थाऊ हवी, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि लष्करी हिशेबात कमाल ७४ थाऊ. फरक दहा थाऊंचा. तो मोजायला पोलादाचे दोन गेज असतात. पहिल्यावर बोल्ट बंद झालाच पाहिजे, दुसऱ्यावर बंद होता कामा नये. बोल्टची मूठ एका बोटाने हलकेच खाली न्यायची. जोर लावला तर गेज खोटे बोलतो.

जागा जास्त राहिली तर काय होते? दारू पेटली की हवेच्या दाबाच्या तीन हजार पटींहून अधिक दाब तयार होतो. काडतुसाची पितळी पुंगळी पुढच्या भागात फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते, पण तिचे जाड बूड मागे सरकून बोल्टला जाऊन भिडते. पुढचा भाग जागेवर, मागचा भाग मागे. मधले पितळ ताणले जाते. झाडलेली पुंगळी हातात घेतली तर बुडाच्या जरा वर भोवती चकाकणारी एक रेघ दिसते. जाणकार तार वाकवून पुंगळीत घालतात आणि आतून चाचपतात. तारेचे टोक एखाद्या खाचेत अडकले तर पितळ तिथे पातळ झाले आहे. आणखी थोडे सैल असते तर पुंगळीचे दोन तुकडे होऊन तो वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या डोळ्याच्या दिशेने आला असता. नवी नळी दिसायला कितीही देखणी बसली, तरी गेज लागेपर्यंत ती बसलीच नाही असे धरायचे ते यासाठी.

लीच्या रचनेत यावर फार सुरेख तोड आहे. बोल्टचे डोके वेगळे, आट्यांवर बसणारे असते. दुसऱ्या महायुद्धातल्या नंबर ४ रायफलीसाठी अशी डोकी ०, १, २, ३ असे आकडे मारून येत, साधारण तीन-तीन थाऊंच्या चढत्या लांबीची. नळी बदलली, जागा जास्त भरली, तर आर्मररने, म्हणजे पलटणीच्या शस्त्र-कारागिराने, पुढच्या आकड्याचे डोके लावून पाहायचे. आघाडीवरच्या तंबूत लेथ नसतो, पण डबीत चार डोकी असू शकतात. माउझर ९८ मध्ये ही मुभा नाही. तिथे काडतूस बुडाच्या कडेवर नव्हे, पुंगळीच्या निमुळत्या खांद्यावर टेकते, तेव्हा चेंबर मुद्दाम थोडे आखूड ठेवून रीमरने हाताने, तेल घालत, कीस झटकत, गेज लावून बघत खोल न्यावे लागते. एक थाऊ जास्त गेला की परत येत नाही. अमेरिकेत सॅव्हेज कंपनीने १९५८ च्या मॉडेल ११० मध्ये नळीवर एक मोठा नट दिला. गेज चेंबरमध्ये ठेवून नळी त्याला टेकेपर्यंत फिरवायची आणि नट आवळायचा. कारागिरीच्या भक्तांना हा नट कुरूप वाटतो. मला त्यात डोके दिसते.

ली-एनफिल्डचा जाच दुसरीकडे आहे. नळीच्या मागच्या जाड भागावर एक सपाट जागा असते. नळी पुरती आवळली गेली की ती बरोबर वर यायला हवी. पुढची माशी, काडतूस ओढणाऱ्या आकड्याची खाच, सगळे त्यावर अवलंबून. म्हणून हाताने फिरवल्यावर नळी थोडी अलीकडेच थांबली पाहिजे आणि उरलेला फेर पान्ह्याने पुरा झाला पाहिजे. सहज वर आली तर सैल. फारच अलीकडे थांबली तर आटे सोसणार नाहीत. शिवाय नळीभोवतीचे लाकूड जुन्या नळीच्या अंगाने बसलेले असते, ते नव्या नळीला पुन्हा जुळवून घ्यावे लागते. गोळी सुटताना नळी थरथरते, आणि लाकूड तिला कुठे टेकते यावर नेम ठरतो.

ब्रिटिशांनी १९७० च्या सुमारास ही लाकडाची कटकट मिटवून टाकली. युद्धकाळातल्या अचूक ठरलेल्या नंबर ४ रायफली, ज्यांना हॉलंड अँड हॉलंडने दुर्बिणी बसवल्या होत्या, त्या पुन्हा काढल्या. त्यांना ७.६२ मिलिमीटरची जड नळी दिली, पुढचे लाकूड कापून नळी मोकळी तरंगती ठेवली आणि नाव ठेवले एल४२ए१. नव्या काडतुसाला बाहेर आलेली कड नाही, म्हणून काडतूस ओढणारा आकडा बदलला, मॅगझिन बदलले, दुर्बिणीचे आकडे यार्डांचे मीटर झाले. नळी बदलायला घेतली की काम असे मागे मागे सरकत जाते. हीच रायफल १९८२ साली फॉकलंडच्या युद्धात होती.

आपल्याकडे १९६२ च्या चीन युद्धानंतर बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीने ७.६२ साठी वेगळी वाट धरली. जुन्या रायफलींना नव्या नळ्या लावत न बसता तिने जुन्याच आराखड्यावर, पण अधिक दाब सोसणाऱ्या पोलादाच्या, २ए आणि मग २ए१ रायफली नव्याने बनवल्या. काडतुसांचे घराणे मात्र महाराष्ट्रातले. खडकीच्या कारखान्याने पिढ्यान्‌पिढ्या थ्री-नॉट-थ्रीची काडतुसे पुरवली. पुढे भुसावळजवळचे वरणगावही लहान शस्त्रांच्या काडतुसांत उतरले.

इशापूरचीच .३१५ ही शिकारी रायफल तर कायद्याने घडवलेली. लष्करी मापाची काडतुसे सामान्य माणसाच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रजांनी त्या मापावर बंदी घातली. तेव्हा लीचीच यंत्रणा ठेवून वेगळ्या मापाची नळी बसवायची पद्धत पडली. .३०३ आजही निषिद्ध बोअरमध्ये मोडते, .३१५ ला परवाना मिळतो. बोल्ट ओढणाऱ्या हाताला दोन्हींत फारसा फरक जाणवणार नाही.

काम पुरे झाल्यावर ब्रिटनमध्ये रायफल विकण्यापूर्वी लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये जाते. तिथे नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस झाडून, पुन्हा मापे तपासून, मगच नळीवर ठसा उठतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार अशी दुरुस्ती, चाचणी आणि ठसा या तिन्ही गोष्टींना परवाना लागतो, आणि शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच मानले जातात. इचलकरंजीतला एखादा कसबी टर्नर हे आटे दुपारच्या जेवणाआधी पाडून देईल, पण परवाना नसताना त्याने ते पाडणे हा गुन्हा आहे. मालकाच्या परवान्यावर बोअर आणि बॉडीवरचा नंबर लिहिलेला असतो. त्याच मापाची नळी बसली तर नंबर तोच राहतो. माप बदलायचे म्हटले तर आधी गाठायचे ते जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांचे कार्यालय.