परक्याच्या पैशावर इमले

गिऱ्हाइकांकडून आगाऊ रकमा घ्यावयाच्या, त्यांतून दुसरीकडे जमीन खरेदी करावयाची व हातची इमारत अर्धवट सोडावयाची, हा कित्येक बांधकाम-व्यावसायिकांचा परिपाठ होता. त्यास आळा घालण्यासाठीं २०१६ सालीं स्थावर संपदा कायदा झाला. खरेदीदारांच्या रकमेपैकीं शेंकडा ७० स्वतंत्र खात्यांत ठेवून ती त्याच कामाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्चिली पाहिजे. नोंदलेल्या करारावांचून किंमतीच्या शेंकडा १० हून अधिक आगाऊ घेणें निषिद्ध आहे. मग अल्प भांडवलाच्या उद्योजकानें करावें काय, असें कोणी विचारील. त्यानें लहान काम घ्यावें, पण तें पुरें करावें. जो जोखीम पत्करतो, त्यासच नफ्याचा अधिकार. आणि करार नोंदविल्यावांचून पैसे मोजणारा गिऱ्हाईक आपल्याच हातानें कायदा दुबळा करतो, हें आमच्या वाचकांनीं विसरूं नये.