कॉमन टाइमचा ‘सी’ खरं तर ‘सी’ नाहीच!

पियानो किंवा गिटार शिकायला सुरुवात केली, की पाच आडव्या रेघांच्या सुरुवातीला एक खूण दिसते. अगदी इंग्रजी ‘सी’सारखी. ‘कॉमन टाइममधला सी’ म्हणून अनेक जण ती लक्षात ठेवतात. गंमत म्हणजे, ते अक्षरच नाही. ते आहे अर्धवट सोडलेलं वर्तुळ!

आधी कॉमन टाइम म्हणजे काय?

यालाच ‘फोर-फोर’ म्हणतात. एकाखाली एक लिहिलेले दोन ४ बघून तो अपूर्णांक वाटतो, पण तसं नाही. वरचा ४ सांगतो, की एका बारमध्ये, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या जागेत, चार ठोके आहेत. खालचा ४ सांगतो, की प्रत्येक ठोका क्वार्टर नोटचा, म्हणजे पूर्ण नोटच्या पाव भागाचा आहे. गाणं जलद की संथ, हे मात्र यातून कळत नाही.

या चार ठोक्यांचं वजनही सारखं नसतं. पहिल्यावर सर्वांत जास्त जोर, तिसऱ्यावर थोडा कमी, दुसरा आणि चौथा हलके. रॉक संगीताने हे उलटं केलं. तिथे ड्रमर स्नेअर ड्रमवर जोरदार फटका मारतो तो दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. आपल्या ओळखीचा आठ मात्रांचा केरवाही फोर-फोरच्या दोन बारमध्ये सहज बसतो.

मग ते वर्तुळ कुठून आलं?

त्यासाठी १४ व्या शतकातल्या युरोपात जावं लागतं. तेव्हा तीन हा आकडा परिपूर्ण समजला जाई. ख्रिस्ती धर्मातल्या पवित्र त्रैक्याशी त्याचं नातं जोडलं जाई. त्यामुळे मोठ्या स्वराचे तीन समान भाग पडत असतील, तर पूर्ण वर्तुळ काढत. दोनच भाग पडत असतील, तर ते माप ‘अपूर्ण’, म्हणून वर्तुळही तुटलेलं.

पुढे लिहिण्याची पद्धत बदलली. पूर्ण वर्तुळ वापरातून गेलं, तुटलेलं मात्र टिकलं. त्यावर उभी रेघ मारली, की होतो ‘कट टाइम’, म्हणजे टू-टू. त्यात बारमध्ये दोनच ठोके मोजतात.

थोडक्यात, ज्या मापाला एकेकाळी अपूर्ण म्हटलं गेलं, त्याचीच खूण आज पाश्चात्य संगीतातल्या सर्वांत नेहमीच्या मापासाठी वापरली जाते.