क्षेत्रभेटीतील हौशी छायाचित्रण : एक्सपोजर व संपादन

प्रस्तावना :

वनस्पतिशास्त्र, भूगोल, इतिहास आदी विषयांच्या अध्यापनात क्षेत्रभेटीला महत्त्वाचे स्थान आहे. क्षेत्रभेटीतील निरीक्षणे पूर्वी वहीत टिपली व रेखाटली जात असत. आज ती बहुतांशी डिजिटल कॅमेऱ्याने किंवा मोबाइलने नोंदविली जातात. ही छायाचित्रे घेणारे अध्यापक व विद्यार्थी हौशी छायाचित्रकार असतात. त्यांच्या छायाचित्रांत दोन दोष वारंवार आढळतात. आकाश किंवा पांढरी फुले तपशीलहीन पांढरी पडतात, आणि पुढे संपादनात रंग अवास्तव भडक होतात. पहिल्या दोषाने माहिती नष्ट होते, तर दुसऱ्याने ती बदलते. सह्याद्रीतील कारवी साधारणतः सात वर्षांतून एकदा सामूहिकपणे फुलते. तिचे बिघडलेले छायाचित्र पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी पुन्हा घेता येईलच असे नाही. त्यामुळे हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नसून नोंदीच्या विश्वासार्हतेचा आहे.

उद्दिष्टे :

१) एक्सपोजरची संकल्पना व प्रकाशमापकाच्या मर्यादा स्पष्ट करणे.
२) संपादनाचा क्रम व त्याची मर्यादा निश्चित करणे.

एक्सपोजरची संकल्पना :

संवेदकावर किती प्रकाश पडू द्यावयाचा, हे ठरविणे म्हणजे एक्सपोजर ठरविणे होय. भिंगाचे छिद्र (ॲपर्चर) व शटरचा वेग यांवर प्रकाशाचे प्रमाण ठरते. आयएसओ मूल्यामुळे मिळालेल्या संकेताचे वर्धन होते. या प्रत्येक घटकातील बदल 'स्टॉप' या एककात मोजतात. एक स्टॉप वाढविणे म्हणजे प्रकाश दुप्पट करणे आणि एक स्टॉप कमी करणे म्हणजे तो निम्मा करणे. एफ/८ ऐवजी एफ/११ घेतल्यास प्रकाश निम्मा होतो. त्याची भरपाई शटरचा वेग १/५०० ऐवजी १/२५० सेकंद ठेवून करता येते.

स्वच्छ उन्हासाठी 'सनी सिक्स्टीन' हा जुना नियम आजही उपयोगी आहे. एफ/१६ छिद्र आणि आयएसओ मूल्याच्या व्यस्ताइतका शटरवेग, म्हणजे आयएसओ १०० असता सुमारे १/१०० सेकंद, असा तो नियम होय. आभाळ भरून आले असल्यास सुमारे तीन स्टॉप अधिक प्रकाश द्यावा लागतो.

प्रकाशमापकाची मर्यादा :

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक वस्तू ओळखून नव्हे, तर तिच्यावरून परावर्तित होणारा प्रकाश मोजून निर्णय घेतो. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे, हे त्याचे मूळ गृहीतक आहे. कास पठारावरील पांढऱ्या गेंदाच्या फुलांनी चौकट भरली, तर प्रकाशमापक ती करडी करू पाहतो. याउलट रायगड, लोहगड यांसारख्या किल्ल्यांवरील काळ्या बेसाल्टच्या भिंतीने चौकट भरली, तर तो दगड प्रत्यक्षाहून फिका दाखवितो. म्हणून पांढऱ्या विषयासाठी सुमारे एक स्टॉप वाढवावा आणि काळ्या विषयासाठी तितकाच कमी करावा. ही सोय 'एक्सपोजर कॉम्पेन्सेशन' या नावाने बहुतेक कॅमेऱ्यांत व अनेक मोबाइलमध्येही असते.

काळी तटबंदी व तिच्यामागे पावसाळी पांढरे आभाळ एकाच चौकटीत आल्यास प्रकाशातील अंतर मोठे होते. अशा वेळी हिस्टोग्राम हा आलेख पाहावा. डावीकडे गडद व उजवीकडे उजळ छटा दर्शविणारा हा आलेख उजव्या कडेला चिकटून तुटलेला दिसल्यास उजळ भागातील तपशील गमावला गेला आहे, असे समजावे. तो कोणत्याही संपादनाने परत येत नाही. अंधाऱ्या भागातील तपशील मात्र काही प्रमाणात उजळता येतो, जरी त्यात कणीदारपणा वाढतो. म्हणूनच डिजिटल छायाचित्रणात प्रथम उजळ भाग सांभाळणे इष्ट ठरते.

संपादन : क्रम व मर्यादा :

जेपेग फाइलमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पातळ्या असतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये त्या १६,३८४ असतात. साहजिकच रॉ फाइलमध्ये दुरुस्तीला अधिक वाव राहतो. संपादनाचा पुढील क्रम सोयीचा आहे. प्रथम व्हाइट बॅलन्स, नंतर एकूण उजळपणा, त्यानंतर उजळ व गडद भाग स्वतंत्रपणे, मग काँट्रास्ट आणि अखेरीस आवश्यक असल्यास रंगांची गडदता.

व्हाइट बॅलन्सला प्रथम स्थान देण्याचे कारण स्पष्ट आहे. सावलीतील प्रकाशात निळसर छटा अधिक असते. ती न सुधारता रंग गडद केल्यास कारवीची जांभळी फुले निळी भासू शकतात आणि फुलांच्या रंगाविषयी चुकीची नोंद होते. यावर साधा उपाय असा की त्याच प्रकाशात करड्या कार्डाचे एक छायाचित्र घ्यावे व त्यावरून रंग जुळवावेत.

मोबाइलमधील कॅमेरे अनेकदा एकाहून अधिक चित्रे एकत्र करून आपोआप संस्करण करतात, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधने चित्रातील वस्तू काढतात किंवा नवी निर्माण करतात. तटबंदीवरील विजेची तार किंवा दगडातील भेग अशा साधनाने पुसली, तर चित्र देखणे होते. परंतु त्या वास्तूच्या स्थितीचा पुरावा म्हणून त्याचे मूल्य संपते. महाराष्ट्रातील ११ किल्ल्यांचा २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला आहे. अशा स्थळांची आजची प्रामाणिक छायाचित्रे उद्याच्या अभ्यासकाला तुलनेसाठी उपयोगी पडतील.

निष्कर्ष :

१) प्रकाशमापकाचा निर्णय अंतिम न मानता विषयाच्या छटेनुसार एक्सपोजर बदलावे.
२) उजळ भागातील तपशील छायाचित्र घेतानाच राखावा, संपादनावर विसंबू नये.
३) प्रत्यक्ष दिसलेले पुन्हा दिसावे एवढीच संपादनाची मर्यादा मानावी.
४) मूळ फाइल न बदलता जपावी आणि तिच्यासोबत स्थळ, दिनांक व केलेले बदल नोंदवावेत.

क्षेत्रभेटीचे छायाचित्र हा एक दस्तऐवज आहे. वहीतील निरीक्षण खोडून नवे लिहिताना अभ्यासक जी सावधगिरी बाळगतो, तीच छायाचित्राच्या संपादनातही बाळगणे अगत्याचे आहे.