शेवट हरवलेला खेळ

दोस्तांनो, एक कोडं सोडवा बघू! एक दुकान आहे. आत शिरायला पैसे पडत नाहीत. दिवसभर हुंदडा, कोणी हटकत नाही. तरी दुकानदार अब्जावधी डॉलर कमावतो. कसा बरं?

उत्तर शोधायला आधी १९८५ सालात जाऊ. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ आणला. टीव्हीला जोडायच्या यंत्रावर, म्हणजे कन्सोलवर, तो चालायचा. आठ जगं, प्रत्येकात चार टप्पे. असे ३२ टप्पे ओलांडून मिशीवाला मारिओ राजकन्येला सोडवायचा आणि खेळ संपायचा. पैसे दुकानात एकदाच दिलेले. मग तुम्ही तो एकदा खेळा नाहीतर हजारदा, कंपनीची कमाई तेवढीच! म्हणून खेळाला गोष्टीसारखा छान शेवट असायचा.

मग आला स्मार्टफोन. २००८ मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं आणि २००९ मध्ये फुकटच्या ॲपमध्येही आत वस्तू विकायला परवानगी मिळाली. २०१२ च्या 'कँडी क्रश सागा'मध्ये तुम्हाला पाच जीव मिळतात. ते संपले, की एक जीव परत यायला अर्धा तास लागतो. थांबवत नाही? मग पैसे द्या! खेळ फुकट, पण घाई विकत.

फोनवरची ही युक्ती उडी मारून कन्सोलवर गेली. २०१७ मध्ये 'फोर्टनाइट' या खेळाची फुकट लढाई सुरू झाली. तिथे विकतात काय? पोशाख आणि नाच! त्यांनी कोणी जास्त बलवान होत नाही, नुसतं ऐटबाज दिसतं. बरेच जण फुकट खेळतात आणि पैसे देणाऱ्यांच्या जिवावर सगळं दुकान चालतं. दर काही आठवड्यांनी नवा हंगाम, नवे पोशाख. राजकन्या सुटून खेळ संपला, तर विकायचं कुणाला? म्हणून खेळाचा शेवटच गायब झाला! असे फुकट खेळ इतके वाढले, की एक्सबॉक्स या कन्सोलवर ते ऑनलाइन खेळायला लागणारी वर्गणीही २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टनं काढून टाकली.

आता सगळ्यात गमतीची गोष्ट. जपानमध्ये खेळण्यांची यंत्रं असतात. नाणं टाकायचं, मूठ फिरवायची. गाचा-गाचा आवाज होतो आणि पॉन्‌ करून एक गोळा बाहेर पडतो. आत कोणतं खेळणं, ते उघडल्यावरच कळतं. 'गेन्शिन इम्पॅक्ट' हा फोनवर आणि प्लेस्टेशन या कन्सोलवरही चालणारा खेळ अशाच सोडतीवर कमावतो. पाच ताऱ्यांचं पात्र निघण्याची मूळ शक्यता किती? हजारात सहा! नव्वदाव्या सोडतीपर्यंत मात्र एक नक्की मिळतं.

हजारात सहा म्हणजे काय, ते करूनच पाहा. डब्यात ९९४ वाटाणे आणि ६ राजम्याचे दाणे घाला. डोळे मिटून एक दाणा काढा, बघा, परत टाका, ढवळा. असं दहा वेळा करा. शंभर मुलांनी हा प्रयोग केला, तर साधारण ९४ जणांच्या हाती एकही राजमा लागणार नाही.

शिवाय 'गेन्शिन'मध्ये खरे पैसे थेट लागत नाहीत. पैशांचे स्फटिक होतात, स्फटिकांची रत्नं आणि रत्नांची सोडत. तीनदा रूप बदललं, की मूळ किंमत डोक्यातून निसटते.

मोठ्या माणसांनाही अशा सोडतींची काळजी वाटली. २०१७ मध्ये विकत घ्यायच्या 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' या खेळातही अशाच सोडतीच्या बंद पेट्या होत्या. खेळाडू इतके चिडले, की खेळ बाजारात येण्याच्या आदल्या दिवशी कंपनीनं खेळातली खऱ्या पैशांनी होणारी विक्री थांबवली. पुढच्याच वर्षी बेल्जियमनं विकतच्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं.

मित्रांनो, हे खेळ बनवणारे चित्रकार, संगीतकार आणि गणिती फार हुशार असतात. त्यांच्या कामाचे पैसे त्यांना मिळायलाच हवेत. पण बटण दाबण्याआधी रत्नांचे रुपये करून बघा आणि घरच्या मोठ्यांना विचारा. आणि हो, ज्या खेळाला स्वतःचा शेवट नाही, त्याचा आजचा शेवट तुम्हीच ठरवा!